गर्ट्रूड बर्ग : पहिल्या एमीची मानकरी, आणि तरीही विस्मरणात गेलेली

कृष्णधवल

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या दूरचित्रवाणीचा विषय निघाला की ल्युसिल बॉल यांचे नाव सर्वांत आधी येते, आणि ते यावे यात गैर काहीच नाही. मात्र बॉल यांची ‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली, त्याच्या कित्येक महिने आधी, जानेवारी १९५१ मध्ये, दूरचित्रवाणीसाठी दिल्या जाणाऱ्या एमी पुरस्कारांच्या इतिहासातला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार दुसऱ्याच एका बाईंना मिळाला होता. त्या केवळ अभिनेत्री नव्हत्या. ज्या मालिकेसाठी त्यांना हा पुरस्कार मिळाला तिची संहिता त्याच लिहीत, तिची निर्मिती त्याच करीत, आणि तिचे हक्कही त्यांच्याच नावावर होते. त्यांचे नाव गर्ट्रूड बर्ग. इतके सारे एकटीच्या बळावर उभे करणारी बाई लोकांच्या स्मरणातून इतकी पुसट कशी होऊ शकते, हा प्रश्न मला अनेक दिवस छळतो आहे. त्यांची कला कालबाह्य झाली म्हणून त्या विसरल्या गेल्या, असे मला वाटत नाही. त्यामागे प्रायोजकांची सत्ता, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलाकारांना काम नाकारणारी त्या काळातली काळी यादी आणि थेट प्रक्षेपणाचे तंत्र अशी तीन कारणे असावीत, अशी माझी धारणा आहे. ती मांडण्यासाठी आणि जाणकारांचे मत समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

बर्ग यांचे जन्मनाव टिली एडेलस्टाईन. जन्म १८९९ चा, न्यूयॉर्क शहरातल्या ईस्ट हार्लेम भागातल्या ज्यू कुटुंबातला. त्यांचे वडील शहराच्या उत्तरेला कॅट्स्किल डोंगरांत, फ्लाइशमन्स या गावी, उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेल चालवीत. पावसाच्या दिवशी पाहुणे कंटाळू नयेत, आणि कंटाळून मुक्काम हलवू नयेत, म्हणून टिली त्यांच्यासाठी छोट्या छोट्या नाटुकल्या लिहून बसवू लागली. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले त्याचे मूळ मला इथे दिसते. समोरचा श्रोता केव्हाही उठून जाऊ शकतो, याचे भान त्यांना मुलीच्या वयातच आले होते. १९१८ मध्ये त्यांनी लुईस बर्ग या रसायन अभियंत्याशी लग्न केले. नवऱ्याच्या साखर कारखान्यातल्या नोकरीमुळे हे जोडपे काही काळ लुइझियानात राहिले, आणि नंतर न्यूयॉर्कला परतल्यावर बर्ग यांनी रेडिओसाठी लिखाण सुरू केले.

त्यांची पहिली मालिका एका भागातच बंद पडली. दुसऱ्या मालिकेची संहिता घेऊन त्या एनबीसी या प्रसारण कंपनीच्या कचेरीत गेल्या, तेव्हा ती हाताने लिहिलेली होती आणि अक्षर इतके दुर्बोध होते की ती त्यांनाच वाचून दाखवावी लागली. ते वाचन ऐकून अधिकाऱ्यांनी संहिता तर घेतलीच, शिवाय मुख्य भूमिकाही त्यांनीच करावी असे ठरले. २० नोव्हेंबर १९२९ रोजी, म्हणजे वॉल स्ट्रीटवरचा शेअर बाजार कोसळल्यानंतर महिन्याभराच्या आत, ‘द राइज ऑफ द गोल्डबर्ग्ज’ ही मालिका सुरू झाली. आठवड्याला ७५ डॉलर मिळत आणि त्यातूनच इतर नटांचे पैसे भागवावे लागत. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या इमारतीत राहणारी मॉली गोल्डबर्ग, कपड्यांच्या धंद्यात धडपडणारा तिचा नवरा जेक, सॅमी आणि रोझली ही दोन मुले आणि घरातले वडीलधारे अंकल डेव्हिड, एवढेच कुटुंब. युरोपातून आलेली पिढी आणि अमेरिकेत वाढलेली पिढी एकाच छपराखाली राहतात, तेव्हा भाड्यापासून मुलीच्या केशरचनेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर बोलणे होते, आणि हेच बोलणे बर्ग यांनी ऐकवले. मंदीच्या काळात पैशाच्या चणचणीवर इतक्या मायेने आणि तरीही इतक्या स्पष्टपणे बोलणारे घर श्रोत्यांना आपले वाटले. मध्ये काही खंड पडला तरी मालिका १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली.

१९४८ मध्ये ‘मी अँड मॉली’ या नाटकाद्वारे हे कुटुंब ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आले, आणि जानेवारी १९४९ मध्ये सीबीएस या वाहिनीवर दूरचित्रवाणीत. मालिकेची सुरुवात फार साधी होती. इमारतीची खिडकी उघडे, मॉली कोपर टेकून बाहेर वाकत असे आणि समोरच्या खिडकीतल्या शेजारणीला हाक मारी, “यूऽहू, मिसेस ब्लूम!” त्याच खिडकीतून ती थेट प्रेक्षकांकडे वळून प्रायोजकांच्या, म्हणजे जनरल फूड्सच्या, सँका कॉफीबद्दल बोलत असे. बोलता बोलता ती आपल्या गोष्टीत कधी शिरली हे कळतही नसे. मी हे भाग पाहिले तेव्हा मला सर्वांत विलक्षण वाटले ते हेच. जाहिरात आणि कथा यांच्यामध्ये भिंत नव्हती, आणि तरीही फसवणूक झाल्याची भावना होत नव्हती, कारण शेजारणीने दाराशी उभे राहून “आमच्याकडे हीच कॉफी असते” असे सांगावे तसेच ते सांगणे होते. संपूर्ण अर्धा तास थेट प्रक्षेपित होई. चूक झाली तर ती सावरूनच पुढे जायचे. बर्ग यांच्याकडे पाहताना त्या संवाद आठवून बोलत आहेत असे क्षणभरही वाटत नाही. त्या हाताने काही निवडत असतात, कुणाची तरी कॉलर नीट करत असतात आणि वाक्य मध्येच सोडून दुसऱ्याच माणसाला उत्तर देतात. यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या वळणाने जाणाऱ्या इंग्रजीतली उलटसुलट वाक्यरचना त्यांनी हशा मिळवण्याचे साधन म्हणून वापरली खरी, पण त्या बोलण्यामुळे मॉली कधीही मूर्ख ठरत नाही. घरातला पेच सुटतो तो बहुतेक वेळा तिच्याच शहाणपणामुळे.

या यशाच्या ऐन भरात, जून १९५० मध्ये, ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका प्रसिद्ध झाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातल्या १५१ जणांची नावे त्यात कम्युनिस्टांशी जवळीक असल्याच्या आरोपासह छापली होती. मॉलीच्या नवऱ्याची, जेकची, भूमिका करणारे फिलिप लोब हे त्यांपैकी एक होते. लोब यांनी आपण कम्युनिस्ट नसल्याचे सांगितले. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नव्हते. तरीही जनरल फूड्सने त्यांना काढावे असा आग्रह धरला आणि बर्ग यांनी ठाम नकार दिला. कंपनी त्या वेळी मागे हटली, पण १९५१ मध्ये तिने प्रायोजकत्व सोडले आणि सीबीएसनेही मालिका बंद केली. लोब असेपर्यंत नवा प्रायोजक मिळेना. अखेर जानेवारी १९५२ मध्ये पैशांची तडजोड होऊन लोब बाहेर पडले आणि फेब्रुवारीत एनबीसीवर मालिका परतली, ती दुसरा जेक घेऊन. त्यानंतर तिला पूर्वीचे स्थान पुन्हा कधीच मिळाले नाही. वाहिनी बदलली, दिवस बदलले, भागाची लांबी बदलली. एकदा आठवड्यातून तीन दिवस पंधरा पंधरा मिनिटे, नंतर पुन्हा अर्धा तास, १९५४ मध्ये ड्युमाँट या आधीच डबघाईला आलेल्या वाहिनीवर, आणि शेवटी १९५५-५६ मध्ये चित्रफितीवर मुद्रित होऊन स्थानिक केंद्रांना विकली जाणारी मालिका म्हणून.

लोब प्रकरणात बर्ग यांचे वागणे तुम्हाला कसे वाटते, आणि त्यांच्या विस्मरणामागे तुम्हाला आणखी कोणती कारणे दिसतात, हे वाचायला मला आवडेल.

श्रवणभक्त

अतिशय नेटका आढावा. रेडिओच्या काळाबद्दल थोडी भर घालतो, कारण माझ्या मते बर्ग यांच्या कारकिर्दीचा गाभा तिथे आहे आणि दूरचित्रवाणीची वर्षे ही त्या लांबलचक उमेदवारीचे फळ आहेत.

मालिका साप्ताहिक होती तोपर्यंत एका माणसाने लिहिणे समजू शकते. पण १९३१ मध्ये पेप्सोडंट या टूथपेस्टने प्रायोजकत्व घेतल्यावर ती आठवड्यातले बहुतेक दिवस, रोज पंधरा मिनिटे, होऊ लागली. म्हणजे आज प्रसारित व्हायचा भाग, उद्याची तालीम आणि परवाची संहिता ही सगळी कामे एकाच बाईच्या डोक्यात एकाच वेळी चाललेली असत, शिवाय माईकसमोरची मुख्य भूमिका होतीच. त्या पहाटे उठून पेन्सिलीने लिहीत असत. अशा हजारो संहिता त्यांनी लिहिल्या. त्यांची कागदपत्रे आज सिराक्यूज विद्यापीठात जतन केलेली आहेत. ध्वनीच्या बाबतीतही त्या अतिशय काटेकोर होत्या. स्वयंपाकघरात अंडी फोडायची असतील तर स्टुडिओत खरी अंडी फोडली जावीत असा त्यांचा आग्रह असे, आणि त्यामुळे नटांचे बोलणेही आपोआप कामात गुंतलेल्या माणसाचे होई. तुम्ही दूरचित्रवाणीवरच्या त्यांच्या ज्या हातांच्या हालचालींचे वर्णन केले आहे, त्या मला या रेडिओच्या सवयीतूनच आलेल्या वाटतात.

दुसरी गोष्ट धैर्याची. हिटलर सत्तेवर आल्यानंतरच्या त्या वर्षांत अमेरिकेतल्या लोकप्रिय करमणुकीत ज्यू कुटुंब उघडपणे ज्यू म्हणून दाखवणे टाळले जात होते. चित्रपट कंपन्यांचे अनेक मालक स्वतः ज्यू असूनही पडद्यावर तसे कुटुंब क्वचितच दिसे. बर्ग यांनी मात्र ज्यूंच्या वल्हांडण सणाचे भोजन, त्या वेळच्या प्रार्थना आणि गाणी यांना सबंध भागच्या भाग दिले. १९३९ च्या वल्हांडणाच्या भागात कुटुंब जेवणाला बसलेले असताना खिडकीची काच फोडून दगड आत येतो. जर्मनीत नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर झालेल्या हिंसाचारानंतर तो दगड कुठून आला हे कुणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या प्रसंगात मॉली मुलांना धीर देते आणि प्रार्थना पुढे चालू राहते. साबण आणि टूथपेस्ट विकण्यासाठी रचलेल्या एका कौटुंबिक मालिकेत हे आले, हे मला फार मोठे वाटते.

रात्रपाळी

धाग्यात तंत्राचा उल्लेख ओझरता आला आहे. बर्ग यांच्या विस्मरणाचे ते सर्वांत मोठे कारण आहे असे माझे मत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारे प्रक्षेपणाचे जाळे सप्टेंबर १९५१ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम लॉस एंजेलिसला त्याच क्षणी दिसण्याची सोय नव्हती. मग पडद्यावर उमटणाऱ्या चित्रासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून त्याची नोंद करीत आणि ती फिल्म इतर केंद्रांकडे पाठवीत. याला किनेस्कोप म्हणत. चित्र मंद, कडा विरघळलेल्या, चेहऱ्यांवरची छायाप्रकाशाची खोली गेलेली. काही दिवसांत दाखवून झाले की तिचे काम संपले, अशीच तेव्हा समजूत होती. त्यामुळे अनेक नोंदी जपल्या गेल्या नाहीत, आणि ज्या उरल्या त्या पुन्हा पुन्हा दाखवण्याच्या योग्यतेच्या नव्हत्या.

आता याच्याशेजारी ‘आय लव्ह ल्युसी’ ठेवून पाहा. प्रायोजक फिलिप मॉरिस कंपनीला मालिका न्यूयॉर्कहून थेट हवी होती. ल्युसिल बॉल आणि त्यांचे पती डेझी आर्नाझ यांना कॅलिफोर्निया सोडायचे नव्हते. मार्ग असा निघाला की प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा, पण तो एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायचा. जर्मन चित्रपटांत नाव कमावलेले छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी प्रकाशयोजना बसवली. वाढीव खर्चाच्या बदल्यात या दांपत्याने आठवड्याचे मानधन १००० डॉलरने कमी करून घेतले आणि त्या फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. ही फिल्म पुढे पुनःप्रक्षेपणासाठी अक्षरशः अक्षय ठरली. पिढ्यान्‌पिढ्या मुले शाळेतून घरी येऊन तीच मालिका पाहत मोठी झाली.

बर्ग यांची मालिका सीबीएसवर सोमवारी संध्याकाळी असे. ती बंद झाल्यावर त्याच वर्षी, त्याच वाहिनीवर, सोमवारी संध्याकाळीच ल्युसीचे आगमन झाले. बर्ग यांच्याकडेही मालकी होती, पण ती पात्रांची आणि संहितांची. पुन्हा दाखवता येईल अशी वस्तू त्या मालकीतून तयार झाली नव्हती. १९५५ मध्ये त्यांनी ३९ भाग फिल्मवर चित्रित केले, तेव्हा मालिकेतला प्राण बराचसा ओसरला होता. लोकांच्या आठवणीत काय टिकते हे पुष्कळ प्रमाणात काय पुन्हा दाखवता येते यावर ठरते, आणि या एका बाबतीत बर्ग यांना दोन वर्षे लवकर दूरचित्रवाणीवर आल्याची शिक्षा मिळाली.

मंचकथा

मी रंगभूमीच्या बाजूने या विषयाकडे पाहते, आणि म्हणून मला लोब यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. धाग्यात ते मॉलीचा नवरा म्हणून येतात आणि एका परिच्छेदात निघून जातात. त्यांची ओळख एवढीच उरू नये.

फिलिप लोब यांचा जन्म १८९१ चा, फिलाडेल्फियाचा. दूरचित्रवाणीवर येण्यापूर्वी त्यांची रंगभूमीवरची तीन दशके झाली होती. ते अभिनय शिकवत असत, आणि नटांच्या संघटनेत त्यांनी जे काम केले ते फार मोलाचे होते. तालमीच्या दिवसांचे पैसे नटांना मिळावेत यासारख्या मागण्या लावून धरणाऱ्या मंडळींत ते पुढे असत. यादीत नाव येण्यामागे ही संघटनेतली सक्रियता होती, असे मानण्यास भरपूर जागा आहे. त्यांच्या मुलाला गंभीर मानसिक आजार होता आणि त्याला खासगी संस्थेत ठेवण्याचा खर्च ते करीत होते. काम थांबल्यावर तो खर्च झेपेना आणि मुलाला सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. या काळात नट झिरो मॉस्टेल यांच्या कुटुंबाने लोब यांना आपल्या घरी आसरा दिला. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या टाफ्ट हॉटेलमध्ये लोब यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीवन संपवले. त्या वेळी ते ६४ वर्षांचे होते. १९७६ च्या ‘द फ्रंट’ या चित्रपटात काळ्या यादीमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या एका नटाची भूमिका मॉस्टेल यांनी केली. स्वतः त्या यादीचे बळी ठरलेले मॉस्टेल आपल्या मित्राचीच कथा तिथे सांगत होते.

या पार्श्वभूमीवर बर्ग यांनी १९५२ मध्ये दुसरा जेक घेऊन परत येणे मला मान्य करता येत नाही. त्यांच्या नकाराचे मोल मी जाणते. परंतु ज्या माणसाला त्याच्या जागेवरून केवळ भीतीपोटी उठवले गेले, त्याच खुर्चीत दुसऱ्या नटाला बसवून “हा जेक” असे प्रेक्षकांना सांगणे म्हणजे त्या भीतीला मान्यता देणे होते. जेकचा मृत्यू झाला असे दाखवता आले असते, तो परगावी नोकरीला गेला असे दाखवता आले असते, आणि ती रिकामी जागा प्रेक्षकांनी आठवडा आठवडा पाहिली असती. मॉलीच्या शब्दाला लाखो घरांत किंमत होती, म्हणून माझी अपेक्षा मोठी आहे.

कृष्णधवल

@मंचकथा, लोब यांच्याविषयी तुम्ही जे लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. त्यांच्या खुर्चीबद्दलचा तुमचा मुद्दा मला अस्वस्थ करतो आणि त्याचे पूर्ण निराकरण माझ्यापाशी नाही. तरीही बर्ग यांच्या बाजूने काही गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे त्यांनी नकार दिला तो क्षण. ऑगस्ट १९५० मध्ये, म्हणजे ती पुस्तिका निघाल्यानंतर दोनच महिन्यांनी, जीन म्यूर या अभिनेत्रीला ‘द ऑल्ड्रिच फॅमिली’ या मालिकेतून पहिला भाग प्रसारित होण्याच्या आधीच काढण्यात आले. त्या मालिकेचे प्रायोजक जनरल फूड्सच होते. म्हणजे हीच कंपनी काय करू शकते, किती थोड्या निषेधपत्रांवरून आणि दूरध्वनींवरून करू शकते, हे बर्ग यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. ते पाहूनही त्यांनी नाही म्हटले, आणि आपल्या त्या वेळी सर्वाधिक भरात असलेल्या मालिकेचे प्रायोजकत्व पणाला लावले. त्या वेळी इतर निर्मात्यांपैकी बहुतेकांनी काय केले ते पाहता हा नकार फार दुर्मीळ होता. त्यानंतरचे महिनोन्‌महिने त्या लोब यांच्यासह मालिका चालू करता येईल का याच खटपटीत होत्या.

दुसरी म्हणजे मालिका त्यांची एकटीची नव्हती. नट, तंत्रज्ञ, त्यांची कुटुंबे, सगळे जण मालिका बंद पडल्यावर बेकार झाले होते. लोब यांच्याशी झालेली तडजोड ४०,००० डॉलरची होती आणि ती त्यांनी स्वीकारली, त्यामागे या सहकाऱ्यांचाही विचार असावा असे मला वाटते. या तडजोडीला मी न्याय म्हणत नाही. पण सत्ता कुणाच्या हातात होती, हे विसरून आपण बर्ग यांना तोलू नये. निर्माती, लेखिका, नायिका आणि हक्कदार असूनही कुणाला कामावर ठेवायचे हे कॉफी विकणारी कंपनी ठरवू शकत होती.

आणि इथे पुन्हा ल्युसिल बॉल यांच्याशी तुलना करावी लागते. बॉल यांनी १९३६ मध्ये मतदार नोंदणीत स्वतःला कम्युनिस्ट पक्षाच्या समर्थक म्हणून नोंदवले होते. सप्टेंबर १९५३ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा आजोबांना बरे वाटावे म्हणून आपण तसे केले असे त्यांनी सांगितले. प्रायोजक आणि वाहिनी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि काही दिवसांत प्रकरण निवळले. लोब यांच्याविरुद्ध तसा नोंदणीचा कागद कुणी दाखवला नव्हता. फरक इतकाच होता की ल्युसीशिवाय ती मालिका अशक्य होती, आणि जेक बदलता येईल असे प्रायोजकांना वाटले.

पानगळ

चर्चा वाचून समाधान वाटले. मला थोडा वेगळा आक्षेप नोंदवायचा आहे. मी उपलब्ध भाग सलग पाहिले, आणि मॉलीचा सर्वज्ञ चांगुलपणा काही भागांनंतर मला जड वाटू लागला. घरात कुणालाही स्वतःचा गुंता स्वतः सोडवता येत नाही. रोझलीला स्वतंत्र विचार आहे असे वाटेपर्यंत आई मध्ये येते आणि सर्व काही ठीक करते. बर्ग स्वतः पार्क ॲव्हेन्यूवर राहत, उत्तम दागिने आणि टोप्या वापरत, करारांच्या बैठकांत कठोरपणे वाटाघाटी करत. मॉली मात्र वीस वर्षे त्याच खिडकीत उभी. लेखिकेने स्वतःच्या आयुष्यात जी वाट धरली ती तिने आपल्या नायिकेला कधीच दाखवली नाही, याची मला खंत वाटते.

तरीही मालिकेचा शेवटचा टप्पा पाहताना मला खरे दुःख झाले. १९५५ च्या भागांत हे कुटुंब ब्रॉन्क्स सोडून हेव्हरव्हिल नावाच्या उपनगरात राहायला जाते. स्वतंत्र घर येते, अंगण येते, आणि समोरची खिडकी जाते. हाक मारायला शेजारीणच उरत नाही. ते केवळ याच मालिकेचे झाले असे नाही. १९५० च्या आसपास अमेरिकेच्या पडद्यावर स्थलांतरितांची आणि श्रमिकांची घरे बरीच होती. सॅन फ्रान्सिस्कोतले नॉर्वेजियन कुटुंब दाखवणारी ‘मामा’ होती, इटालियन स्थलांतरिताची ‘लाइफ विथ लुइजी’ होती. दशक संपेपर्यंत त्यांच्या जागी एकसारखी उपनगरे, एकसारखी पांढरी कुंपणे आणि कोणत्याही मुलखातून न आलेली माणसे दिसू लागली. तंत्र आणि काळी यादी ही कारणे मला पटतात, पण बर्ग यांना मोठे करणारी ती गजबजलेली इमारतच प्रायोजकांना नकोशी झाली होती, हेही कारणांत धरावे.

श्रवणभक्त

@पानगळ, मॉलीच्या सर्वज्ञपणाबद्दल अंशतः सहमत आहे. मात्र रेडिओवरच्या मॉलीला वाढायला पुष्कळ वेळ मिळाला होता. रोज पंधरा मिनिटांच्या कथनात ती हट्ट करते, लुडबुड करते, आणि तिच्या लुडबुडीमुळे नवे घोटाळेही होतात. अर्ध्या तासात सगळे आवरण्याच्या दूरचित्रवाणीच्या सक्तीने तिला सारखे बरोबर ठरवले. आपल्या नायिकेला दुसरी वाट दाखवली नाही म्हणता, तर त्यांची १९६१ ची मालिका पाहावी असे सुचवेन. त्याबद्दल मंचकथा अधिक चांगले सांगू शकतील, कारण त्यातले सहनट रंगभूमीवरूनच आले होते.

मंचकथा

आनंदाने सांगते, कारण हा बर्ग यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत प्रिय भाग आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

फेब्रुवारी १९५९ मध्ये लेनर्ड स्पिगेलगॅस यांचे ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’ हे नाटक ब्रॉडवेवर आले. दिग्दर्शन डोअर शारी यांचे. ब्रुकलिनमधली एक ज्यू विधवा, जिचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध लढताना मारला गेला आहे, तिची गाठ एका जपानी व्यापाऱ्याशी पडते, ज्याची स्वतःची मुलेही युद्धाच्या काळात गेली आहेत. बर्ग यांनी ती विधवा साकारली आणि सर सेड्रिक हार्डविक यांनी तो व्यापारी. गोऱ्या इंग्रज नटाने जपानी माणसाची भूमिका करणे आज कुणाला रुचणार नाही आणि ते योग्यच आहे. परंतु बर्ग यांच्या भूमिकेत मॉलीचा गोडवा बाजूला ठेवून, मनात राग धरून बसलेली आणि तो राग सोडणे जिला अपमानास्पद वाटते अशी बाई होती. नाटकाचे ५५६ प्रयोग झाले आणि बर्ग यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार मिळाला. दूरचित्रवाणीचा पहिला एमी आणि रंगभूमीचा टोनी, दोन्ही त्यांच्याकडे होते. १९६१ मध्ये या नाटकाचा चित्रपट झाला तेव्हा ती भूमिका रोझलिंड रसेल यांना देण्यात आली. रसेल उत्तम अभिनेत्री होत्या यात शंका नाही. तरीही जिने ती बाई शेकडो वेळा जगून दाखवली तिला डावलून निर्मात्यांनी मोठ्या पडद्यावरचे प्रसिद्ध नाव निवडले, याचे मला अजूनही वाईट वाटते. बर्ग यांचे ते काम फिल्मवर उतरले असते, तर वर रात्रपाळी यांनी मांडलेला टिकण्याचा प्रश्न काही अंशी तरी सुटला असता.

त्याच वर्षी सीबीएसवर ‘मिसेस जी. गोज टू कॉलेज’ सुरू झाली. यात बर्ग यांनी सेरा ग्रीन या विधवेची भूमिका केली, जी मुले मोठी झाल्यावर पदवीसाठी महाविद्यालयात नाव घालते, आणि हार्डविक तिच्या प्राध्यापकाच्या भूमिकेत होते. पानगळ, तुम्ही म्हणता ती खिडकी इथे मागे पडली आहे. ही बाई स्वतः शिकायला बाहेर पडते, चुकते, परीक्षेला घाबरते, आणि वर्गात तिच्याहून हुशार मुले असतात. मालिकेचे नाव मध्येच बदलून ‘द गर्ट्रूड बर्ग शो’ केले गेले, पण ती एकाच हंगामात, १९६२ च्या वसंतात, बंद झाली. १९६३ मध्ये त्या पुन्हा ब्रॉडवेवर आल्या, ‘डिअर मी, द स्काय इज फॉलिंग’ या नाटकात, ज्याच्या मूळ कथेतही त्यांचा वाटा होता. १४ सप्टेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

लोब यांच्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण जनरल फूड्सने जीन म्यूर यांना काढले आणि तरीही बर्ग यांनी त्याच कंपनीला नकार दिला, हा क्रम कृष्णधवल यांनी दाखवून दिल्यावर त्या नकाराचे वजन मला आधीपेक्षा अधिक जाणवते.

रात्रपाळी

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. शिल्लक राहिलेल्या भागांच्या जतनाचे काम लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रसंग्रहालयात झाले आणि २०१० मध्ये त्यांचा डीव्हीडी संच निघाला. त्याआधी २००९ मध्ये अविवा केम्पनर यांचा बर्ग यांच्यावरचा माहितीपट आला. त्यात जुन्या श्रोत्यांच्या आणि कुटुंबीयांच्या मुलाखती आहेत.

संच हाती आला तर १९५५ च्या फिल्मवरच्या भागांपासून सुरुवात करू नये. ते चित्राच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आहेत, म्हणून नवा प्रेक्षक तिकडेच वळतो आणि मालिका सामान्य होती असा ग्रह करून घेतो. आधी १९४९ ते १९५१ चे, लोब असलेले किनेस्कोप पाहावेत. पहिली दहा मिनिटे डोळ्यांना त्रास होतो, नंतर सवय होते. लोब आणि बर्ग एकमेकांचे बोलणे अर्धवट तोडत, एकाच वेळी बोलत, आणि तरीही एकमेकांचा शब्दही न हरवता जी भांडणे करतात, तशी नवराबायकोची भांडणे मी त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्याही मालिकेत पाहिलेली नाहीत.